सांगड : एका नावेच्या नावाचा मागोवा

मराठीत रोज लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या माणसाला 'सांगड घालणे' या प्रयोगावाचून चालत नाही. नोकरी आणि घर यांची सांगड, जुन्या-नव्याची सांगड, पुस्तकातल्या ज्ञानाची अनुभवाशी सांगड. बोलताना डोळ्यांपुढे काहीच येत नाही, इतका तो सवयीचा झाला आहे. पण मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती उघडली की या शब्दाखाली पहिला अर्थ मिळतो तो पाण्यावरचा : दोन डोण्या किंवा होड्या एकमेकींना बांधून केलेलं तरतं साधन. त्याच्यामागून पोहण्यासाठी जोडून घेतलेले भोपळे येतात आणि मग कुठल्याही दोन वस्तूंची जोडणी येते. आपण आज वापरतो तो अर्थ रांगेत मागे उभा आहे. सांगड ही आधी नाव होती.

या नावेचा माग काढायला कोकणापेक्षा तंजावरचा किनारा अधिक सोयीचा आहे. व्यंकोजीराजे भोसल्यांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतलं आणि १८५५पर्यंत त्यांच्या वंशाचं नाव तिथे टिकलं. इंग्रजी अमदानीतला तंजावर जिल्हा आजच्यापेक्षा खूप मोठा होता. कावेरीचं मुख, तरंगंबाडी, नागपट्टणम, कोडिक्करैचं टोक आणि त्यापलीकडची पाल्कची उथळ सामुद्रधुनी एवढं सगळं त्यात येई. आज त्याचे तंजावर, नागपट्टणम, तिरुवारूर आणि मयिलाडुदुरै असे चार जिल्हे झाले आहेत. जगभरच्या बंदरांत आज ऐकू येणारा 'कॅटमरान' हा शब्द याच चोळमंडळ किनाऱ्यावरचा. त्याची आणि सांगडीची गाठ कशी पडली, हे सांगण्यासाठी आधी 'कनू' या दुसऱ्या एका नावेच्या इंग्रजी नावापासून सुरुवात करावी लागते.

१२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस बहामा बेटांवर उतरला. दुसऱ्याच दिवशी बेटावरचे लोक त्याच्या जहाजांकडे नावांतून आले. एकाच झाडाच्या खोडातून कोरलेल्या त्या नावांपैकी काहींमध्ये चाळीस-पंचेचाळीस माणसं बसलेली होती. कोलंबसाची मूळ रोजनिशी हरवली आहे, पण लास कासास या धर्मगुरूने केलेला तिचा गोषवारा शिल्लक आहे. त्यात या नावांना आधी 'अल्मादिया' म्हटलं आहे. हा शब्द अरबीतून पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांत आलेला. नवी वस्तू दिसली की माणूस आधी आपल्या झोळीतला जुना शब्द काढतो, तसंच हे झालं. दोन आठवड्यांनी, २६ ऑक्टोबरच्या नोंदीत, तिथल्या लोकांचा स्वतःचा शब्द येतो : 'कनोआ'. हा तायनो लोकांच्या, म्हणजे अरावाक कुळातल्या भाषेचा शब्द. अमेरिकेतून युरोपीय भाषांत शिरलेल्या शब्दांत हा अगदी पहिल्यांपैकी. सुमारे १४९५मध्ये नेब्रिहाने आपल्या स्पॅनिश-लॅटिन कोशात तो घेतलासुद्धा आणि अर्थ दिला : एका लाकडाची नाव, लॅटिनमध्ये 'मोनोझायलम'. पुढे सोळाव्या शतकात तो इंग्रजीत गेला आणि हळूहळू 'कनू' झाला.

नेब्रिहाचा 'मोनोझायलम' मुळात ग्रीक आहे. मोनो म्हणजे एक आणि झायलॉन म्हणजे लाकूड. तो लक्षात ठेवायला हवा, कारण थोड्याच वेळात तो कावेरीच्या मुखाशी पुन्हा भेटणार आहे.

एका खोडातून कोरलेल्या नावेला आपल्याकडे शब्द नव्हता असं अजिबात नाही. संस्कृतात 'द्रोणी' आहे. 'द्रु' म्हणजे लाकूड, आणि लाकडाचं पोट कोरून केलेलं ते द्रोण किंवा द्रोणी, मग त्यात सोमरस असो की माणूस. महाभारतातल्या द्रोणाचार्यांचं नाव त्यांचा जन्म अशा पात्रात झाला या कथेवरून आलं. मराठीत तीच द्रोणी 'डोणी' झाली. गुरांना पाणी पाजायची डोण आणि खाडीत वल्हवायची डोणी या एकाच घरातल्या. तमिळमधल्या 'तोणी'शी आणि मालदीवमधल्या 'धोनी'शीही तिचं नातं सांगितलं जातं. पंगतीत पत्रावळीशेजारी आमटीसाठी मांडलेला द्रोण हातात घेऊन पाहावा. काठ उभे, पोट खोल. कोरलेल्या नावेचा आकार आपण जेवताना पुढ्यात घेऊन बसतो.

कोरीव नावेची अडचण मात्र जगभर एकच. झाड जेवढं जाड, तेवढीच नाव रुंद. लांबी हवी तेवढी मिळते, रुंदी मिळत नाही. अरुंद नाव वेगाने जाते, पण एका बाजूला माणूस जरा कलला की कलंडते. या अडचणीवर निरनिराळ्या किनाऱ्यांवरच्या माणसांनी उपाय शोधले. कुणी खोडात पाणी भरून, विस्तवाचा शेक देऊन काठ फाकवले. कुणी काठांवर फळ्या चढवून नाव उंच केली. कुणी नावेच्या एका बाजूला आडव्या दांड्यांच्या टोकाशी हलक्या लाकडाचा ओंडका बांधला. कोकणात त्याला उलांडी म्हणतात. तंजावरच्या दक्षिण किनाऱ्यावर, अदिरामपट्टणमच्या बाजूला, 'वत्तै' नावाची शिडाची नाव चाले. तिला तरता ओंडका नसून आडवी लांब फळी असे. वारा वाढला की खलाशी त्या फळीवर बाहेर सरकून बसत आणि आपल्याच वजनाने नाव सावरत.

आणि शेवटचा उपाय म्हणजे दुसरी तशीच नाव आणायची, दोन्ही समांतर ठेवायच्या, वरून आडवे वासे टाकून करकचून बांधायचं. रुंदी एका झाडाने दिली नाही, ती दोन झाडांच्या मधल्या अंतराने मिळाली. वाशांवर फळ्या टाकल्या की बैलगाडीसुद्धा पार जाते. ही सांगड.

आता कावेरीच्या मुखाशी येऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या, इजिप्तमधून व्यापार करणाऱ्या एका अनाम माणसाने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. भारताच्या पूर्व किनाऱ्याबद्दल लिहिताना तो कमारा, पोडुके आणि सोपत्मा ही तीन बंदरं सांगतो. यातलं कमारा म्हणजे कावेरीपूंपट्टिनम, आजचं पूंपुहार, असं बहुतेक अभ्यासक मानतात. या बंदरांतल्या नावांचे तो तीन प्रकार सांगतो. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या स्थानिक नावा, गंगेच्या मुखापर्यंत आणि त्यापलीकडे सुवर्णभूमीला जाणारी प्रचंड जहाजं, आणि या दोहोंच्या मधली एक जात : मोठमोठ्या एकखोडी नावा एकमेकींना जोडून केलेली. 'एकखोडी'साठी त्याचा शब्द तोच, मोनोझायला. आणि त्या जोडनावेचं स्थानिक नाव त्याने ग्रीक अक्षरांत लिहून ठेवलं आहे : 'सांगारा'.

अभ्यासक हा शब्द संस्कृत-प्राकृतातल्या 'संघाट' कुळाशी जोडतात. संघाट म्हणजे लाकडाला लाकूड बसवून केलेली जोडणी. पालीतल्या जातककथांत नावांच्या जोडणीला 'नावासंघाट' म्हटलं आहे. त्याच कुळातून मराठीत सांगड आली, मल्याळममध्ये 'चंगाडम' आला. तमिळमध्ये 'संगडम' या शब्दाचा एक अर्थ कोशात दिला आहे तो दोन तोण्यांवर फळ्या टाकून केलेली पार जाण्याची नाव. तमिळ माणसाच्या बोलण्यात 'संगडम' म्हणजे आपलं संकटही असतं. दोन वेगळे शब्द एकाच रूपात येऊन बसले आहेत. एका ग्रीक व्यापाऱ्याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कावेरीकाठी ऐकलेला शब्द, थोडा घासून गुळगुळीत झालेला, आज आपल्या अग्रलेखात येतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

मराठीत हा शब्द नदीकाठी जगला. पूर आलेल्या नदीतून पार जाताना वाळवलेल्या भोपळ्यांची सांगड करायची, नाहीतर पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला बांधायची. तरंगण्याच्या साधनांची ही ओळख आपल्या संतांच्या बोलण्यातही दिसते. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात देव भक्तांना संसारातून पार नेतो तेव्हा ज्याचं जसं ओझं तसं साधन देतो. एकट्या जिवाला ध्यानाच्या कासेला लावतो, प्रपंच सोबत असलेल्याला तरीवर बसवतो, आणि एखाद्याच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधतो. ही पेटी म्हणजे तरंगण्यासाठी पोटाशी बांधायची वस्तू. ज्याने नदी अशी ओलांडली आहे त्यालाच हे रूपक चटकन कळतं.

मल्याळम शाखेचा प्रवास त्याहून लांबचा. पोर्तुगीज मलबारला आले तेव्हा त्यांनी 'चंगाडम' उचलला आणि त्याचा 'जांगादा' केला. त्यांच्याबरोबर तो ब्राझीलला गेला. तिथल्या ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी पाच-सहा ओंडके बांधून, शीड उभारून मासेमारीला जात. त्या तराफ्याचं नाव जांगादा आणि तो चालवणारे जांगादेरो. १८८१ साली सेआरा प्रांतातल्या फोर्तालेझा बंदरात या जांगादेरोंनी गुलामांना किनाऱ्यावरून जहाजांवर नेण्याचं नाकारलं. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी फ्रान्सिस्को जोझे दो नासिमेंतो याचं नाव ब्राझीलमध्ये आजही आदराने घेतलं जातं. सेआराने १८८४मध्ये गुलामगिरी बंद केली, साऱ्या देशाच्या चार वर्षं आधी. सांगडीच्या भावंडाने तिकडे एवढं मोठं काम केलं.

इकडे केरळात वाहनं पार नेणाऱ्या जोडनावेला जंकार म्हणतात, तोही याच घरचा. आणि आपल्या कोकणात आगरदांडा-दिघीसारख्या ठिकाणी गाड्या घेऊन खाडी ओलांडणाऱ्या फेरीला लोक 'जंगलजेट्टी' म्हणतात. खाडीच्या मधोमध रान कुठून आलं, असा प्रश्न पडतो. हे 'जंगल' रानाचं नसून जंकार-चंगाडमच्या कुळातलं असावं, असं मला वाटतं.

मग कॅटमरान कुठून आला? कोडिक्करैच्या टोकापासून उत्तरेला बंगालचा उपसागर उघडा पडतो. लाटा वाळूवर उभ्या फुटतात. अशा किनाऱ्यावर पोट कोरलेली नाव ढकलली तर पहिल्याच लाटेत तिच्यात पाणी भरतं. म्हणून इथल्या कोळ्यांनी पोट नसलेली नावच केली. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणं आणि 'मरम' म्हणजे झाड किंवा लाकूड. कट्टुमरम म्हणजे बांधलेलं लाकूड.

कट्टुमरम जवळून पाहिलं की त्यातली अक्कल कळते. हलक्या लाकडाचे तीन-चार किंवा अधिक ओंडके, तासून टोकाशी निमुळते आणि किंचित वर उचललेले. मधले लांब, कडेचे आखूड. पुढे आणि मागे आडवं लाकूड टाकून काथ्याच्या दोराने सगळे एकत्र आवळलेले. खिळा कुठेही नाही. लाट अंगावर येते, ओंडक्यांच्या फटींतून खाली निघून जाते. उपसायला पाणी साठतच नाही, म्हणून बुडण्याचा प्रश्न येत नाही. वल्हवणारा गुडघ्यांवर बसतो आणि सकाळभर भिजत राहतो. परत आल्यावर दोर सोडतात, ओंडके सुटे करून वाळूत पसरतात, कारण पाणी प्यालेलं लाकूड जड होतं आणि दुसऱ्या दिवशी नीट तरंगत नाही. उद्या पुन्हा बांधायचं. रोज सुटणारी आणि रोज बांधली जाणारी अशी ही नाव.

इंग्रजांना ती सतराव्या शतकात भेटली. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३मध्ये या किनाऱ्यावरून गेला, त्याच्या प्रवासवर्णनात कॅटमरान आहे. हाच फ्रायर १६७५मध्ये जुन्नरला गेला होता आणि शिवरायांच्या राज्याभिषेकाला हजर राहिलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या वकिलातीची हकिकत याच पुस्तकात आहे. ते १६९८मध्ये लंडनला छापलं गेलं. कॅटमरान आणि रायगड एका बांधणीत इंग्रजी वाचकाच्या हाती पडले.

पुढे शब्द भरकटत गेला. १८०४ साली नेपोलियन इंग्लंडवर उतरण्यासाठी बूलोन्यला होड्या जमवत होता. त्या उडवून देण्यासाठी इंग्रज आरमाराने रॉबर्ट फुल्टनने आखलेल्या, दारू भरलेल्या, पाण्याशी जेमतेम समतल तरंगणाऱ्या लाकडी पेट्या सोडल्या. त्यांनाही 'कॅटमरान' म्हणत. हल्ल्यातून फारसं काही साधलं नाही. पण या गोष्टीचा दुसरा शेवट तंजावरातच आहे. नेपोलियनच्या पाडावाप्रीत्यर्थ दुसऱ्या सरफोजीराजांनी १८१४-१५मध्ये मल्लिपट्टणमजवळ समुद्रकाठी आठ मजली षट्कोनी बुरूज बांधला. त्याचं नाव 'मनोरा'. अरबी 'मनारा' मराठीत मनोरा झाला आणि मराठी राजाच्या हातून तमिळ किनाऱ्यावरच्या वास्तूचं नाव बनला. त्यावरचा लेख मराठीसह अनेक भाषांत आहे. तमिळ शब्द इंग्लिश खाडीत नेपोलियनविरुद्ध लढायला गेला आणि दहा वर्षांनी त्याच लढाईची आठवण दगडात बांधून याच किनाऱ्यावर उभी राहिली.

शब्दाचा निर्णायक फेरा मात्र अमेरिकेत झाला. ऱ्होड आयलंडचा नावाडी-अभियंता नॅथनिएल हेरेशॉफ याने १८७६मध्ये 'अमॅरिलिस' नावाची शिडाची नाव न्यू यॉर्कच्या शर्यतीत उतरवली. तिला दोन अरुंद, लांब कण्यांची धडं होती आणि मध्ये आडव्या वाशांची जोडणी. तिने सगळ्यांना मागे टाकलं, आणि ही आमच्यासारखी नाव नव्हे, असा आक्षेप घेऊन इतरांनी तिला बाद करवलं. १८७७मध्ये त्याने या रचनेचं पेटंट घेतलं. अशा दोन धडांच्या नावेला इंग्रजीत कॅटमरान म्हणू लागले आणि आज जगभर त्या शब्दाचा तेवढाच अर्थ उरला आहे.

आता दोन्ही शब्द शेजारी ठेवून पाहावेत. कट्टुमरम म्हणजे पोट नसलेले ओंडके एकमेकांना चिकटवून बांधलेले. त्यात दोन धडं नाहीत, मध्ये मोकळं पाणी नाही. दोन स्वतंत्र नावा, मध्ये अंतर आणि वरून जोडणी, या रचनेचं नाव त्याच किनाऱ्यावर पेरिप्लसच्या काळापासून वेगळं होतं. तमिळमध्ये ते संगडम आणि आपल्याकडे सांगड. हेरेशॉफच्या पेटंटच्या वीस वर्षं आधी मोल्सवर्थच्या कोशात ती व्याख्या छापून तयार होती. इंग्रजीने किनारा बरोबर निवडला, नाव शेजारच्या नावेचं उचललं. गेटवेवरून मांडव्याला कॅटमरानने जाणारा प्रवासी खरं तर सांगडीत बसलेला असतो. कुणीतरी त्याला हे सांगायला हवं.

किनाऱ्यावरचं कट्टुमरमही आता ओसरलं आहे. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसं गेली. लाकडी नावा होत्या त्या फुटल्या-वाहून गेल्या, आणि मदतीत मुख्यतः फायबरच्या बोटी आल्या. कोळ्यांना त्यांनी लवकर उभं केलं, वेगही दिला, हे खरं आहे. पण संध्याकाळी दोर सोडून ओंडके वाळवणारे हात त्यानंतर कमी होत गेले. वस्तू गेली की तिचा शब्द एकतर मरतो किंवा दुसऱ्या अर्थाच्या आश्रयाला जातो. कट्टुमरम परदेशी बोटीच्या आश्रयाला गेला. सांगड वाक्प्रचाराच्या आश्रयाला आली.

पण वाक्प्रचारात राहूनही सांगडीने आपली बांधणी सोडलेली नाही, फक्त आपण ती पाहायचं सोडलं. दोन होड्यांची सांगड घालायची तर दोन्ही आधी स्वतःच्या बळावर तरंगणाऱ्या असाव्या लागतात. गळकी होडी दुसरीला बांधली तर दोन्ही जातात. दोघींत अंतर ठेवावं लागतं, ते फार कमी केलं तर कलंडण्याचा धोका पुन्हा येतो. आणि बांधणारा दोर भिजतो, सैल होतो, तो वेळोवेळी आवळावा लागतो. दोन गोष्टी एकमेकींत कालवून टाकणं म्हणजे सांगड नव्हे. तो शब्द आपण त्या अर्थाने वापरतो तेव्हा त्याची एक होडी बुडवतो.

तंजावरच्या मराठी राजांना ही बांधणी जमली होती. शाहजीराजांनी पाच भाषांत नाटक रचलं आणि एकीलाही दुसरीची दासी केलं नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आणि तमिळ-संस्कृत ताडपत्रं एका छपराखाली आहेत आणि आपापल्या लिपीत आहेत. सरफोजीराजांचं 'देवेंद्र कुरवंजी' याचा सर्वांत स्पष्ट दाखला. कुरवंजी हा अस्सल तमिळ नाट्यप्रकार, भटक्या कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री त्यात येते. राजांनी तो घेतला, भाषा मराठी ठेवली आणि त्या बाईच्या तोंडून पदांतून सांगितला तो जगाचा भूगोल. तमिळ प्रकार पूर्ण तमिळ राहिला, मराठी मराठी राहिली, आणि दोहोंवर टाकलेल्या फळ्यांवरून सारं जग पार गेलं. तंजावरच्या मराठी घरांत आजही उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर तमिळ बोलली जाते. ती माणसं साडेतीनशे वर्षं दोन्ही होड्या तरत्या ठेवत आली आहेत आणि मधला दोर आवळत आली आहेत.